साडेअकरा पौंडांचा करार

आपल्या बहुतेक बुद्धविहारांत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांच्या पदव्यांची यादी लावलेली असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. जयंतीच्या सभेत वक्ते ही यादी एका दमात म्हणतात आणि टाळ्या घेतात. त्यात वावगे काही नाही. परंतु या पदव्यांचा खर्च कोणी केला, कोणत्या अटीवर केला आणि तो मध्येच का थांबला, याचा हिशेब सभेत कोणी मांडत नाही. आम्ही व्यवसायाने वकील आहोत. पदवीच्या आधी आम्हाला करारपत्र दिसते. बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन आम्ही आज त्या करारपत्राच्या बाजूने वाचणार आहोत. आमच्या मुलामुलींच्या परदेशी शिक्षणाचा प्रश्न आजही त्याच कागदावर अडलेला आहे, म्हणून हे वाचन आवश्यक आहे.

सुभेदार रामजी आंबेडकर हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. पेन्शन तुटपुंजी, घरात खाणारी तोंडे अनेक. भीमराव मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा पुढच्या शिक्षणाचा भार रामजींना पेलवेना. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी या मुलाला घेऊन श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली आणि त्या आधारावर भीमराव बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. एकविसाव्या वर्षी कुटुंबाचा भार डोक्यावर आला. अशा वेळी नोकरी धरून ठेवायची, हाच व्यवहार कोणीही सांगितला असता.

त्याच सुमारास बडोदे संस्थानाने काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवायचे ठरवले. भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी संस्थानच्या विद्याखात्याच्या अधिकाऱ्यासमोर करारावर सही केली. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्या काळी १५ रुपयांना एक पौंड असा दर होता, म्हणजे महिन्याला सुमारे १७२ रुपये. विद्यार्थ्याने ठरलेल्या विषयांच्या अभ्यासातच सर्व वेळ घालवायचा आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची, अशी अट होती.

वाचकांनी दोन गोष्टींची नोंद घ्यावी. पहिली, ही सही ४ जूनला झाली आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचलेसुद्धा. विमान नसलेल्या त्या काळात मंजुरीपासून विद्यापीठाच्या दारापर्यंत दोन महिनेही लागले नाहीत. दुसरी, हा दानपत्राचा कागद नव्हता. दोन्ही बाजूंनी देणे-घेणे ठरलेला तो करार होता. संस्थान पैसे देणार होते आणि विद्यार्थी आपल्या आयुष्याची दहा वर्षे देणार होता. सयाजीराव महाराजांची दृष्टी मोठी होती, त्यांचे ऋण आंबेडकरी समाज विसरलेला नाही आणि विसरणारही नाही. परंतु ऋण वेगळे आणि भीक वेगळी. शिष्यवृत्ती घेणाऱ्या आमच्या पोरांना जे लोक फुकटे म्हणून हिणवतात, त्यांनी हा करार एकदा वाचावा.

कोलंबिया विद्यापीठात भीमरावांनी काय केले? ते तीन वर्षांत पदव्युत्तर शिक्षणाच्या वाट्याला येणाऱ्या अभ्यासापेक्षा कितीतरी जास्त शिकले. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ असे अभ्यासक्रम त्यांनी घेतले, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषेचे प्राथमिक वर्ग केले. एडविन सेलिग्मन, जॉन ड्युई, जेम्स शॉटवेल, जेम्स हार्वे रॉबिन्सन, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्यासारखे प्राध्यापक त्यांना लाभले. आधी हार्टली हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब आणि त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉल असा मुक्काम हलत गेला. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाचे पारशी मित्र जोडले गेले आणि ही मैत्री पुढे जन्मभर टिकली. एका टेबलावर बसून जेवणे, एका नळाचे पाणी पिणे, वर्गात कुठल्याही बाकावर बसणे, या गोष्टी गोऱ्या विद्यार्थ्याला सहज वाटत असतील. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसलेल्या विद्यार्थ्याला त्यांचे मोल वेगळे होते.

साडेअकरा पौंडांतून घरीही पैसे पाठवावे लागत. इकडे मुंबईत माता रमाई काटकसरीने संसार ओढत होत्या. तिकडे न्यूयॉर्कमध्ये भीमराव जेवणावरचा खर्च कमी करून जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालत होते. सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमवली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. लाला लजपतराय त्या काळात न्यूयॉर्कमध्ये होते आणि हिंदी विद्यार्थ्यांना राजकीय कार्यात ओढत होते. भीमरावांनी त्यापासून स्वतःला दूर ठेवले. अभ्यासात सर्व वेळ घालवण्याचा शब्द त्यांनी बडोद्याला दिला होता आणि तो त्यांनी पाळला. कराराची विद्यार्थ्याच्या बाजूची अट इतक्या काटेकोरपणे पाळलेला दुसरा विद्यार्थी दाखवणे कठीण आहे.

१९१५ च्या जूनमध्ये ते एम.ए. झाले. प्रबंधाचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातीची उत्पत्ती आणि तिची यंत्रणा यांची शास्त्रीय उकल करणारा हा निबंध पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला होता. त्याच वर्षी त्यांनी भारताच्या राष्ट्रीय लाभांशावरचा प्रबंधही पुरा केला. हे सर्व विषय भारताचे होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. या मुद्द्याकडे आम्ही पुढे येणार आहोत.

१९१६ साली ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. महाराजांकडून मुदतवाढ मिळाली खरी, पण ती वर्षभरच पुरली. १९१७ मध्ये संस्थानच्या दिवाणाकडून परत या असा हुकूम आला. शिष्यवृत्ती संपली होती, अभ्यास अर्धवट होता. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली आणि परतीची वाट धरली. पहिले महायुद्ध चालू होते. वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात बुडाले. त्या सामानाच्या मिळालेल्या भरपाईतून त्यांनी बडोद्याला जाण्याचा खर्च भागवला. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला नोकरीवर रुजू होण्यासाठी बुडालेल्या पुस्तकांचे पैसे वापरावे लागले, हे आपण विसरता कामा नये.

सप्टेंबर १९१७ मध्ये ते दहा वर्षांची अट पुरी करायला बडोद्यात हजर झाले. पुढे काय घडले ते आंबेडकरी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. कचेरीतले शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत. प्यायला पाणी मिळेना. शहरात कोणी खोली देईना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून हुसकावले. संस्थानकडे राहण्याच्या जागेची मागणी केली, तीही फळाला आली नाही. बागेत एका झाडाखाली बसून बाबासाहेबांनी अश्रू ढाळले आणि मुंबईची गाडी पकडली.

या प्रसंगाचे दुःख आम्ही शंभर वर्षे सांगत आलो. त्याची कायदेशीर बाजूही सांगितली पाहिजे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ६७ चे तत्त्व असे की, ज्याला काम करून घ्यायचे आहे त्यानेच काम करण्यासाठी लागणाऱ्या रास्त सोयी दिल्या नाहीत, तर काम न झाल्याचा दोष करणाऱ्यावर येत नाही. घर दुरुस्त करण्याचा ठेका दिला आणि कुठे दुरुस्ती करायची तेच मालकाने दाखवले नाही, तर कारागीर दोषी कसा? संस्थानचा कायदा वेगळा असेल, पण न्यायाचे तत्त्व तेच. दहा वर्षे नोकरी करायला आलेल्या माणसाला ज्या व्यवस्थेने दहा रात्री डोके टेकायला छप्पर दिले नाही, तिने करारभंगाची भाषा करू नये. तरीही पुढे संस्थानच्या दप्तरातून शिष्यवृत्तीच्या परतफेडीचा तगादा लागलाच. महाराज उदार होते, पण फाईल कारकुनाच्या हातात होती. राजाचा मोठेपणा शिपायाच्या आणि कारकुनाच्या मनातली जात धुऊन काढू शकला नाही. व्यक्तीच्या उदारतेवर उभे असलेले शिक्षण किती कच्च्या पायावर असते, हे बाबासाहेबांना बडोद्याने शिकवले, असे आम्ही मानतो.

लंडनची परवानगी चार वर्षांची होती आणि घड्याळ चालू होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार चांगला होता, पण राहणी चाळीतलीच ठेवली. पै पै बाजूला टाकली. याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, मूकनायक सुरू झाले. त्याला राजर्षी शाहू छत्रपतींनी हातभार लावला. मार्चमध्ये नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, भथेनांकडून ५००० रुपयांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत अशी जुळवाजुळव करून जुलै १९२० मध्ये त्यांनी दुसऱ्यांदा लंडन गाठले. या वेळी पाठीशी कुठलीही सरकारी शिष्यवृत्ती नव्हती.

लंडनमध्ये ते खाणावळीत राहत. सकाळी पावाचा तुकडा, दिवसभर ग्रंथालय, रात्री एखादा पापड भाजून भूक मारायची असे दिवस निघाले. ते राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले आणि आज तिथे स्मारक आहे. त्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला एक संकट असे आले की ते पुढे त्याच्या अभ्यासाचा विषयच होते. १९२० साली चढलेला रुपया १९२१ पर्यंत बराच घसरला. हिंदुस्थानात रुपयांत जमवलेली पुंजी लंडनमध्ये पौंडांत मोजताना कमी भरू लागली. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले. त्यांच्या डी.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय रुपयाचा प्रश्न हाच होता. विनिमयाचा दर घसरला की गरिबाच्या पोटाला चिमटा बसतो, हे त्यांनी ग्रंथात आणि खिशात एकाच वेळी वाचले.

१९२१ मध्ये एम.एस्सी., जून १९२२ मध्ये बॅरिस्टर, ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध सादर. जर्मनीतील बॉन विद्यापीठात शिकण्याचाही बेत होता. परीक्षकांनी प्रबंधात बदल सुचवले, पण तेवढे दिवस लंडनमध्ये राहायला पैसे कुठे होते? एप्रिल १९२३ मध्ये ते परतले, मुंबईत बसून प्रबंध सुधारला, परत पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. कोलंबियाच्या पीएच.डी.ची गोष्ट याहून बोलकी आहे. त्या काळी प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय ती पदवी मिळत नसे. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये छापून निघाला आणि १९२७ मध्ये पदवी पदरात पडली. न्यूयॉर्क सोडल्यानंतर अकरा वर्षांनी! हा ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. बडोद्याने छप्पर नाकारले तरी महाराजांचे ऋण त्यांनी असे जाहीरपणे नोंदवले.

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. इतके सोसलेल्या माणसाच्या मनात पुढे काय यावे? मी सोसले, तुम्हीही सोसा, असे म्हणणारे आपल्या समाजात आजही आहेत. बाबासाहेबांनी उलटे केले. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले आणि अवघ्या तीन महिन्यांत, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारपुढे ठेवले. त्यात शिक्षणाची मागणी आकड्यांत होती. बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला सरकार दरवर्षी प्रत्येकी तीन लाख रुपये देते, मग आमच्या समाजाला काय? देशात विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी वर्षाला एक लाख द्या, असा हिशेब त्यांनी मांडला. सरकारने तीन लाखांची वार्षिक तरतूद मान्य केली. १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि आपले काही विद्यार्थी परदेशीही गेले. स्वतंत्र भारतात १९५४-५५ मध्ये राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती योजना आली.

बाबासाहेबांच्या आयुष्यातले हे वळण आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. १९१३ मध्ये त्यांना शिष्यवृत्ती एका राजाच्या मनात आले म्हणून मिळाली. १९४२ मध्ये त्यांनी तीच गोष्ट राज्याच्या अंदाजपत्रकात नेऊन बसवली. राजाचे मन बदलू शकते, दिवाण बदलू शकतो. अंदाजपत्रकातल्या रकमेचा मात्र जाब विचारता येतो. संविधानाच्या कलम ४६ ने अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी राज्यावर सोपवली, तेव्हा तो जाब विचारण्याचा आधारही त्यांनी आपल्या हाती दिला.

आणि आज काय चालले आहे? राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या देशभरात मिळून वर्षाला १२५ जागा. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, उरलेल्या दहा भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. एवढ्या मोठ्या समाजाला एवढ्याच जागा, आणि त्यांतही काटछाट. २०२५ च्या जुलैमध्ये १०६ विद्यार्थ्यांची निवड जाहीर झाली, पण तात्पुरती मंजुरीपत्रे ४० जणांनाच दिली गेली. उरलेल्या ६६ जणांपुढे निधी उपलब्ध झाला तर, अशी टीप होती. परदेशी विद्यापीठांचे वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. प्रवेश हातात, व्हिसाची तारीख जवळ आणि पैशाच्या जागी एक टीप! १९१३ मध्ये एका संस्थानाला जे सात आठवड्यांत जमले, ते इतक्या मोठ्या देशाच्या सरकारला का जमू नये?

याहून गंभीर गोष्ट २०२२ मध्ये घडली. त्या वर्षी या योजनेच्या नियमावलीत अशी अट घातली गेली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. सरकारचे म्हणणे असे की या विषयांची साधने देशातच आहेत, त्यासाठी बाहेर जायचे कशाला? वाचकहो, वर लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा आता आठवा. भारतातील जातींवरचा निबंध, ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरचा प्रबंध! या नियमाखाली भीमराव रामजी आंबेडकर यांचा अर्ज पहिल्याच छाननीत बाद झाला असता. जातीचा अभ्यास करायला देशात कागद कमी नव्हते. कमी होती ती मोकळी हवा, जातीबाहेरचा श्रोता आणि निर्भय प्राध्यापक. ते सारे न्यूयॉर्कमध्ये मिळाले म्हणून तो निबंध तिथे लिहिला गेला. आमच्या पोरांनी यंत्रे शिकावीत, औषधे शिकावीत, परंतु ज्या व्यवस्थेने त्यांना खाली दाबले तिचा अभ्यास जगाच्या व्यासपीठावर करू नये, असा या अटीचा अर्थ होतो. यामागचा हेतू काहीही सांगितला जावो, परिणाम हाच आहे.

महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ७५ विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती आहे. ती टिकली पाहिजे, वाढली पाहिजे. आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचे अनुभव ऐकले की बडोद्याच्या कचेरीची आठवण येते. फाईल आता कोणी लांबून फेकत नाही, ती टेबलावरच पडून राहते. उत्पन्नाचा दाखला, बंधपत्र, जामीनदार यांच्या मागे मुलगा फिरतो आणि तिकडे प्रवेशाची मुदत संपते. ज्याच्या सात पिढ्यांत सातबारा नाही त्याने तारण आणि जामीन कुठून आणावा, हा प्रश्न नियम करणाऱ्याला पडत नाही.

तेव्हा चळवळीने काही मागण्या एकमुखाने लावून धरल्या पाहिजेत. निवड झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा निधी निवडीच्या वेळीच राखून ठेवला जावा. मंजुरीला आणि पहिल्या हप्त्याला दिवसांची मुदत नियमातच घातली जावी. विषयांवरची २०२२ ची बंदी उठवली जावी. जागा वाढवाव्यात. आणि आमच्या वकील बांधवांनी प्रत्येक जिल्ह्यात अशा विद्यार्थ्यांची कागदपत्रे विनामूल्य पाहून द्यावीत, माहितीच्या अधिकारात अर्ज करावेत, गरज पडल्यास न्यायालयाचे दार ठोठवावे. पालकांनाही आमचे सांगणे आहे. शिष्यवृत्तीच्या खिडकीपुढे आपल्या मुलीने किंवा मुलाने खाली मान घालून उभे राहू नये. ती रक्कम १९४२ मध्ये हिशेब मांडून आपल्यासाठी मिळवलेली आहे आणि ती मिळवणाऱ्याने स्वतः पापडावर रात्री काढल्या होत्या. त्या रकमेचा पै न् पै हिशेब आपण मागितलाच पाहिजे.

जयभीम!